सेन्सर बदलण्याआधी

जुन्या पोकलेनच्या मॉनिटरवर लाल दिवा लागला आणि त्याखाली एखादा कोड उमटला, की साइटवर पुढे काय होणार हे बहुतेक ठरलेले असते. ऑपरेटर कोडचा फोटो काढून मालकाला पाठवतो, मालक तो मिस्त्रीकडे ढकलतो, मिस्त्री यादीत बघून ‘प्रेशर सेन्सर गेलाय’ म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत नवा सेन्सर बसलेला असतो. कधी मशीन तेवढ्याने सुधारते. अनेकदा दोन दिवसांत तोच कोड परत येतो. मग दुसऱ्या दुकानातला सेन्सर, मग अर्धा हार्नेस, आणि सगळ्यात शेवटी, पैसे आणि धीर दोन्ही संपल्यावर, ‘कंट्रोलरच गेलाय’ हा निकाल. माझे म्हणणे असे की या प्रवासात पहिलेच पाऊल चुकीचे पडते. सेन्सर खराब आहे असे कोडने कधी सांगितलेलेच नसते. अमुक एका वायरीवर जे व्होल्टेज येते आहे त्यावर माझा विश्वास नाही, एवढेच कंट्रोलर म्हणत असतो. नव्या मशीनवर हा फरक कदाचित चालून जाईल. आठ-दहा हजार तास चाललेल्या, तीन मालकांच्या हातून गेलेल्या मशीनवर तो पैशांचा फरक आहे.

कंट्रोलरला तेल दिसत नाही आणि दाब जाणवत नाही. त्याच्या पिनेवर येणारे व्होल्टेज तेवढे त्याला कळते. मुख्य पंपावरचा प्रेशर सेन्सर घ्या. त्याला तीन वायरी असतात. एकीवरून कंट्रोलर ५ व्होल्ट पुरवतो, दुसरी परतीची, म्हणजे सेन्सरची अर्थ, आणि तिसरी सिग्नलची. दाब शून्य असताना सिग्नलवर ०.५ व्होल्ट आणि दाब सेन्सरच्या कमाल मर्यादेला पोचल्यावर ४.५ व्होल्ट, अशी मांडणी सर्रास आढळते. खालचा आणि वरचा अर्धा-अर्धा व्होल्ट मुद्दाम रिकामा ठेवलेला असतो. सिग्नल त्या रिकाम्या पट्ट्यात शिरला, समजा ०.१ किंवा ४.९ व्होल्ट झाला, की कंट्रोलर ताडतो की असा दाब असूच शकत नाही, कुठेतरी वायर तुटली आहे किंवा दुसरीला चिकटली आहे. मग तो कोड लावतो. पण तुटली कुठे? सेन्सरच्या पोटात, कपलरच्या पिनेत, बूमच्या बुडाशी घासणाऱ्या हार्नेसमध्ये की कंट्रोलरच्या स्वतःच्या सॉकेटात? आपल्या पिनेवरून बघणाऱ्या कंट्रोलरला या चारही जागा सारख्याच दिसतात. यादीत मात्र कोडसमोर सेन्सरचे नाव छापलेले असते, कारण त्या सर्किटला काहीतरी नाव द्यावे लागते. त्या छापील नावापायी चांगले सेन्सर भंगारात जातात.

कोडमध्ये याहून बरीच अधिक माहिती असते, ती वाचली जात नाही हे दुखणे वेगळे. अवजड वाहने आणि बांधकाम यंत्रांच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत एसएई जे-१९३९ हे मानक रूढ आहे. त्यात प्रत्येक दोषाला दोन आकडे असतात. पहिला, एसपीएन, तक्रार कशाबद्दल आहे ते सांगतो : १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, ११० म्हणजे कूलंटचे तापमान, १९० म्हणजे इंजिनाचा वेग. दुसरा, एफएमआय, तक्रारीची जात सांगतो. जातीत ० किंवा १ असेल तर मोजमाप विश्वासार्ह आहे, पण मोजलेली गोष्टच धोक्याच्या पलीकडे जास्त किंवा कमी आहे. २ म्हणजे सिग्नल बेभरवशाचा, येतो-जातो. ३ म्हणजे व्होल्टेज वाजवीपेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट उघडे. आता १००-१ आणि १००-४ हे दोन कोड शेजारी ठेवा. पहिला म्हणतो, ऑइलचा दाब खरोखर पडला आहे, इंजिन ताबडतोब बंद करा. दुसरा म्हणतो, दाबाचे मला माहीत नाही, वायरीवर व्होल्टेज नाही. फोनवर मात्र दोन्हींचा उच्चार ‘ऑइल प्रेशर सेन्सरचा एरर’ असाच होतो. पहिल्या बाबतीत सेन्सर बदलत बसणारा माणूस बेअरिंग गमावतो. म्हणूनच तापमानाच्या तक्रारीत इन्फ्रारेड थर्मामीटर आणि दाबाच्या तक्रारीत साधा यांत्रिक गेज लावून खरे माप काय आहे ते आधी बघणे अपरिहार्य आहे. सेन्सर खरे बोलत असण्याची शक्यता सोडून देऊन चालत नाही. काही कंपन्या पडद्यावर स्वतःचेच आकडे दाखवतात, पण सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहिले तर ही ‘मोजलेली गोष्ट बिघडली’ आणि ‘मोजणारी वायर बिघडली’ अशी फाळणी तिथेही सापडते.

आता जुन्या मशीनचाच प्रश्न का, याकडे येऊ. मोठे प्रकल्प संपले की यंत्रांचे ताफे विकायला निघतात. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गासारखे ७०१ किलोमीटरचे काम वेगवेगळ्या तुकड्यांत वेगवेगळ्या ठेकेदारांनी केले. अशा कामांवरची मशीन पुढे खाणीत, खडी क्रशरवर, विहिरी आणि शेततळ्यांच्या कामावर दुसरे-तिसरे आयुष्य जगतात. गोव्यात २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये लोहखनिजाचे खाणकाम थांबले, तेव्हा यंत्रे बंद उभी राहिली. ज्यांनी बंद मशीन समुद्राजवळच्या दमट हवेत काही पावसाळे काढलेले पाहिले आहे त्यांना सांगायला नको, की चालू मशीनपेक्षा उभ्या मशीनचे कपलर लवकर सडतात. चालत्या मशीनची उष्णता ओल हाकलते. उभ्या मशीनमध्ये ती पिनांवर बसून राहते, तांब्यावर हिरवा थर चढतो आणि सीटखाली उंदीर संसार थाटतात.

सेन्सर आणि हार्नेस यांची दुबळी बाजू कोणती, हे त्यांच्या घडणीवरूनच कळते. प्रेशर सेन्सर म्हणजे धातूच्या कवचात बंद केलेला, बहुधा हलता भाग नसलेला छोटा तुकडा. हार्नेस मात्र सगळ्या मशीनभर उघडा पसरलेला असतो. ब्रेकर चालू असताना तो तासन्‌तास थरथरतो, बूमच्या सांध्याशी वाकतो, प्रेशर पंपाने धुताना भिजतो, आणि वेल्डिंगच्या वेळी बॅटरी न सोडल्यास नको तो करंटही त्याच्यातून वाहतो. त्यात मागच्या दुरुस्त्यांची भर. वायर पिळून तिच्यावर काळी टेप गुंडाळली की सांधा झाला, असे मानणारे हात प्रत्येक जुन्या मशीनला लागून गेलेले असतात. म्हणून मॉनिटरवर कोड आला तर माझा पहिला संशय टेपवर, दुसरा कपलरवर, तिसरा अर्थिंगवर, आणि सेन्सरचा नंबर त्यानंतर. याला एक खरा अपवाद आहे, तो लपवायचे कारण नाही. सरकता संपर्क असलेले पोटेन्शियोमीटर झिजतातच. जुन्या ईएक्स२०० पोकलेनमध्ये इंजिनाची गव्हर्नर लिव्हर मोटरने हलते आणि तिची स्थिती एक अँगल सेन्सर सांगतो. कोमात्सूच्या पीसी२००-६ मध्येही गव्हर्नर मोटरसोबत पोटेन्शियोमीटर असतो. एकाच जागी वर्षानुवर्षे सरकून त्याच्या पट्टीवर एक मेलेला टापू तयार होतो, आणि इंजिन नेमक्या त्याच आरपीएमला चाचपडते. तिथे सेन्सरवर आळ घेणे रास्त आहे.

अर्थिंगच्या चुकीचे गणित करून बघण्यासारखे आहे, कारण तिथे कोड लागतही नाही आणि मशीन ‘मंद’ झाल्याची तक्रार महिनोन्‌महिने फिरत राहते. सेन्सर ० ते ५०० बारचा आहे असे धरू. म्हणजे चार व्होल्टच्या पट्ट्यात ५०० बार, ०.१ व्होल्टला साडेबारा बार. वीस टनी पोकलेनचा मुख्य रिलीफ दाब साधारण ३५० बारच्या आसपास असतो. आता कुणीतरी सेन्सरची तुटलेली परतीची वायर कंट्रोलरपर्यंत न नेता जवळच्या बोल्टखाली, चेसिसला, जोडून दिली. चेसिसमधून अल्टरनेटरचा, दिव्यांचा, एसीचा करंट परतत असतो, त्यामुळे तो बोल्ट कंट्रोलरच्या अर्थपेक्षा ०.२ व्होल्टने वर बसला. आता सेन्सरला प्रत्यक्षात ४.८ व्होल्टच मिळतात आणि त्याचे शून्यही ०.२ ने उचलले जाते. दाब शून्य असताना सिग्नल ०.५ च्या जागी ०.६८ येतो, म्हणजे कंट्रोलरला साडेबावीस बार दिसतात. ३५० बारला मात्र सिग्नल ३.३ च्या जागी ३.३७ येतो, चूक जेमतेम आठ-साडेआठ बारची. थोडक्यात, अर्थ बिघडली असेल तर चूक रिकाम्या बकेटला मोठी आणि भाराखाली छोटी. उलट ५ व्होल्टच्या पुरवठ्याच्या वायरीत तेवढेच ०.२ व्होल्ट गळत असतील, तर शून्याला चूक अडीच बारची आणि ३५० बारला साडेसोळा बारची, तीही उलट्या दिशेने. हे कळायला लॅपटॉप लागत नाही. इंजिन बंद, चावी चालू, लिव्हर हलवून उरलेला दाब सोडलेला, आणि मीटर सिग्नलवर. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा ठळक फरक दिसला तर सेन्सरला हात लावण्याआधी मीटरची काळी पिन सेन्सरच्या अर्थवर आणि लाल पिन कंट्रोलरच्या अर्थवर ठेवून पाहा. तिथे खणखणीत शून्य असायला हवे.

तापमानाच्या सेन्सरमध्ये हाच खेळ अधिक घातक होतो. तो बहुधा दोन वायरींचा थर्मिस्टर असतो, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. एका प्रचलित प्रकारात २० अंशांना तो अडीच हजार ओहम, ८० अंशांना सुमारे ३२० आणि १०० अंशांना १९० च्या आतबाहेर असतो. कपलरमधल्या हिरव्या गंजाने या सर्किटात १०० ओहमची भर घातली असे समजा. सकाळी थंड इंजिनावर अडीच हजाराचे सव्वीसशे झाले, एका अंशाचाही फरक पडत नाही. मीटरवाला म्हणतो सर्व ठीक. दुपारी पाणी १०० अंशांना उकळीच्या उंबरठ्यावर आले तेव्हा १९० चे २९० झाले, आणि कंट्रोलरला ते ८५ अंशांच्या आसपासचे पाणी वाटते. पंखा वेग घेत नाही, इशारा वाजत नाही, कोड लागत नाही. दोष तोच, सकाळी दिसेनासा, दुपारी हेडगॅस्केट खाणारा. म्हणून थंड मशीनवर एकदा मोजून निर्दोष ठरवलेल्या सर्किटावर फारसा भरवसा ठेवू नये.

मीटर स्वतः कसा फसवतो हेही सांगायला हवे, नाहीतर हा लेख मीटरविक्रेत्याची जाहिरात वाटेल. चांगल्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रेझिस्टन्स साधारण दहा मेगाओहम, म्हणजे तो सर्किटातून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. अठरा-वीस तारांची वायर आतून तुटत तुटत एका तारेवर आली असेल तरी मीटर निवांत ५ व्होल्ट दाखवतो. नळ बंद असताना चोंदलेल्या पाइपातही दाब पूर्ण दिसतो, तसेच हे. कपलर सोडून मोजलेले व्होल्टेज म्हणून अर्धेच सत्य. कपलर जोडलेला, मशीन चालू, आणि पिन मागच्या बाजूने हळूच आत सरकवून घेतलेले माप खरे. सॉलेनॉइड, रिले यांच्या वायरींना दिवा लावून भार देता येतो, पण सेन्सरच्या ५ व्होल्टच्या सर्किटावर बल्बचा टेस्टर लावणे म्हणजे कंट्रोलरच्या नाजूक पुरवठ्यातून तो झेपणार नाही इतका करंट ओढणे. इन्सुलेशनला सुई टोचून मोजण्याची सवयही वाईट. आज माप मिळते, पुढच्या पावसाळ्यात त्याच छिद्रातून पाणी शिरते, आणि वर्षभराने दुसरा मिस्त्री त्या गंजाचा शोध घेत बसतो.

सेन्सर न बदलता सेन्सर दोषी आहे का हे ठरवायची एक युक्ती इतकी सोपी आहे की ती सर्रास वापरली जात नाही याचे नवल वाटते. दोन वायरींच्या तापमान सेन्सरवर ‘व्होल्टेज कमी’ हा कोड आहे. कपलर काढा. कंट्रोलर आतून त्या वायरीवर व्होल्टेज देतच असतो, ते आता वर उसळायला हवे आणि कोड ‘व्होल्टेज जास्त’ असा पालटायला हवा. पालटला तर वायरी आणि कंट्रोलर निर्दोष, सेन्सर आतून शॉर्ट. पालटला नाही तर सेन्सर निर्दोष; कपलर हातात असताना, सेन्सर सुटलेला असताना जी तक्रार टिकते ती सेन्सरची कशी असेल? उलट, कोड ‘व्होल्टेज जास्त’ असेल तर हार्नेसच्या बाजूच्या दोन पिना छोट्या वायरीने जोडा. कोड ‘कमी’कडे वळला तर वायर शाबूत आहे. तीन वायरींच्या सेन्सरला ही जोडाजोडी अशी आंधळेपणाने करू नये, ५ व्होल्ट अर्थला टेकले तर नवा घोळ. तिथे कपलर काढून तिन्ही पिना स्वतंत्र मोजाव्यात. आणि चार-पाच सेन्सरचे कोड एकदम उमटले, तर ते सगळे एका दिवशी मेले असे मानण्याऐवजी ५ व्होल्टची पुरवठ्याची वायर त्यांना सामायिक आहे हे आठवावे. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की तो सगळ्यांचे ५ व्होल्ट खाली ओढतो. मीटर त्या वायरीवर ठेवून एकेक कपलर काढत जा. ज्याच्या काढण्याने ५ व्होल्ट परत आले, तो चोर. सगळे काढूनही आले नाहीत, तर चोर वायरीत आहे, आणि कंट्रोलरवर संशय घ्यायची पाळी त्याच्याही नंतरची.

सगळा पडदाच बडबडू लागला, एकमेकांशी संबंध नसलेले डझनभर कोड आले, तर दोनच जागा आधी बघाव्यात. एक बॅटरी. पोकलेनवर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मालिकेत जोडून २४ व्होल्ट करतात. ऑपरेटरच्या म्युझिक सिस्टीमसाठी आणि मोबाइल चार्जरसाठी मधूनच १२ व्होल्ट काढून घेण्याची आपल्याकडची पद्धत सर्वश्रुत आहे. त्यात एकच बॅटरी सतत रिकामी होते आणि अल्टरनेटर दोघींना मिळून चार्ज करत असल्याने दुसरी जादा चार्ज होत जाते. स्टार्टर मारताना व्होल्टेज खोल पडते, कंट्रोलर अर्धवट जागा होतो आणि जे दिसेल त्याची तक्रार करतो. दुसरी जागा कॅन बस, म्हणजे कंट्रोलर आपसात बोलतात ती पिळलेल्या वायरींची जोडी. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून बॅटरी तोडून दोन वायरींमध्ये मोजले तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक सुटले आहे, ४० आले तर कुणीतरी जीपीएस किंवा आणखी काही बसवताना तिसरा रेझिस्टर घुसडला आहे. मिनिटभराचे काम.

यावर पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. मशीन तासावर भाड्याने चालते. उभ्या मशीनचा हप्ता थांबत नाही, ऑपरेटरचा पगार थांबत नाही. मोजमापात दोन तास घालवण्यापेक्षा सेन्सर बदलून बघितला तर काय बिघडले? सेन्सर गाडीत तयार असेल, त्याच मशीनवरचा आणि खात्रीचा असेल, तर काही बिघडत नाही. शेजारी तसाच दुसरा सेन्सर असल्यास दोघांची अदलाबदल करून कोड कुठे जातो हे बघणे तर उत्तम तपासणी आहे. पण प्रत्यक्षात बदलून बघायला येतो तो बाजारातला ‘सेम’ सेन्सर. आटे तेच, कपलर तोच, आतली मर्यादा वेगळी. ५०० बारच्या जागी ४०० बारचा बसला तर खऱ्या ३०० बारला तो साडेतीन व्होल्ट देतो आणि कंट्रोलर त्याचे ३७५ बार वाचतो. व्होल्टेज मर्यादेत असल्याने कोड जातो, सगळे समाधानाने घरी जातात, आणि पंप विनाकारण दबून चालू लागतो. आता मशीनमध्ये दोन दोष झाले, पैकी दुसऱ्याला कोड नाही. शिवाय कपलर काढून परत दाबल्यानेच पिन घासून तात्पुरती साफ होते. नव्या सेन्सरला मिळालेले श्रेय बहुधा त्या घासण्याचे असते, आणि म्हणूनच ते दोन दिवस टिकते. दोन तास वाचवण्याचा हिशेब करताना हे पुढचे सगळे तास धरले जात नाहीत.

दुसरा आक्षेप लॅपटॉपचा. कंपनीचे सॉफ्टवेअर डीलरकडेच, त्याशिवाय स्वतंत्र मिस्त्रीने काय करायचे? यातली तक्रार न्याय्य आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेती अवजारे, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे डोळ्यांसमोर ठेवली. बांधकाम यंत्रांचे नाव त्या यादीत वेगळे नाही. नवा कंट्रोलर बसवणे, इंजेक्टरचे कोड भरणे, कॅलिब्रेशन, यांसाठी डीलरशिवाय गत्यंतर नसते आणि ते महाग पडते. परंतु या तक्रारीच्या आड सेन्सरचे सर्किट लपवता येत नाही. ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल ही काही कुणाची गुप्त विद्या नव्हे. बऱ्याच पोकलेनच्या मॉनिटरमध्येच सर्व्हिस मेनू असतो, त्यात दाब, तापमान, डायलची स्थिती चालू मशीनवर दिसते. खरी उणीव आहे ती वायरिंगच्या नकाशाची. तोही ‘त्या मॉडेलचा’ असून भागत नाही, सिरियल नंबरप्रमाणे वायरींचे रंग आणि पिना बदलतात. डीलरकडे हक्काने काही मागायचे असेल तर सॉफ्टवेअरच्या आधी तो नकाशा मागावा.

तिसरा आक्षेप घेणारे फार वाद घालत नाहीत, ते सेन्सर ‘डायरेक्ट’ करून मोकळे होतात. एक रेझिस्टर लावला, दोन वायरी जोडल्या, दिवा विझला. यात तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. कंट्रोलर बंद पडला तर काम अडू नये म्हणून पीसी२००-६ मध्ये पंपासाठी आपत्कालीन स्विच खुद्द कंपनीने दिला आहे. दरडीखाली अडकलेले मशीन बाहेर काढायला तो हवाच. पण स्विच दिसतो, त्यावर नाव असते, तो परत फिरवता येतो. टेपखाली दडवलेला रेझिस्टर कूलंट कायम ८० अंशांवर असल्याची ग्वाही देत राहतो, आणि मशीन विकले गेले की ही गोष्ट माहीत असलेला एकमेव माणूसही निघून जातो. जुन्या मशीनमधला सर्वांत धोकादायक सेन्सर तोच, जो कधीच तक्रार करत नाही.

मग इलेक्ट्रॉनिक्स नसलेलेच मशीन घ्यावे, हा शेवटचा सल्ला. तो दिवसेंदिवस निरुपयोगी होतो आहे. चाकांच्या बांधकाम यंत्रांना आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून बीएस-४ आणि १ जानेवारी २०२५ पासून सीईव्ही-५ हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले. त्यांच्यासोबत कॉमन रेल इंजिने आली, एक्झॉस्टमधले तापमान आणि दाब मोजणारे सेन्सर आले. २०२१ नंतरचे जेसीबी आता जुन्या बाजारात उतरू लागले आहेत. आणि ज्यांना आपण साधी, यांत्रिक मशीन म्हणून नावाजतो त्या जुन्या पोकलेनमध्येही गव्हर्नरची मोटर, वेगाचा सेन्सर आणि पंपाचा कंट्रोलर होताच, हे वर आलेच आहे.

तेव्हा जुने मशीन बघायला जाणाऱ्याने इंजिन गार असताना जावे, गरम करून ठेवलेले मशीन असेल तर दुसरी वेळ मागावी. चावी फिरवल्यावर सगळे दिवे क्षणभर लागतात की एखादा मुळात काढूनच टाकला आहे ते पाहावे. चालू कोड आणि जुने साठवलेले कोड दोन्ही बघावेत; आठ हजार तासांच्या मशीनच्या स्मृतीत एकही जुना कोड नसेल तर तो आदल्या दिवशी पुसला आहे असे खुशाल समजावे, आणि दोन तास ब्रेकर किंवा बकेट चालवून तो परत येतो का ते बघावे. सीटमागचे, पंपाजवळचे आणि बूमच्या बुडाचे हार्नेस बॅटरीच्या उजेडात तपासावे. टेप जितकी जाड, भाव तितका खाली. आणि मशीन घेतल्यावर कुणी सेन्सर बदलायला सांगितला, तर बदलण्याआधी सिग्नलवर, ५ व्होल्टवर आणि अर्थवर किती व्होल्ट मिळाले ते तीन आकडे बिलावर लिहून मागा, आणि काढलेला जुना सेन्सर सोबत घेऊन या.